अंजनेरीची खरचुडी आणि दुर्मिळ फुलांचं गणित

ऑगस्टच्या शेवटी नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने निघालात, तर साधारण वीस किलोमीटरवर अंजनेरी लागते. पायऱ्या चढून पठारावर पोचलात की सगळ्यात आधी दिसते ती सोनकी. पिवळी, मोकळी, हजारोंच्या संख्येने. मग तेरडा, कवला, गेंद. ही फुलं बघायला वाट सोडून खाली उतरावं लागत नाही. पण याच गडाच्या उतारांवर, गवतात, एक झाड असं आहे की ते शोधावं लागतं आणि माहीत नसेल तर समोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, आपल्या बोलीत खरचुडी किंवा कंदीलपुष्प म्हणतात त्या कुळातली एक जात. शिवाजी विद्यापीठाचे वनस्पतीतज्ज्ञ श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. गडाचं नावच तिला मिळालं.

आता एक साधा प्रश्न विचारू. ज्या उतारावर सोनकीची फुलं शेकड्यांनी आहेत, तिथे मोजक्या खरचुड्या टिकतात कशा? दोघींना परागकण पोचवायला कुणीतरी लागतं. येणारी माशी समोर पिवळा गालिचा सोडून गवतातल्या एका फुलाकडे का जाईल? आणि ती गेली नाही, तर ही जात केव्हाच संपायला हवी होती ना?

तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल आणि विषय "परागीभवन" असेल, तर हा प्रश्न नीट समजून घ्या. कारण "परागवाहकांमुळे जैवविविधता टिकते" हे वाक्य आपण सगळेच लिहितो. ते चूक नाही. पण ते वाक्य म्हणजे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतो.

गरज वेगळी, विविधता वेगळी

आधी दोन आकडे पाहू, जे तुमच्या प्रस्तावनेत येणारच. ऑलर्टन, विनफ्री आणि टॅरंट यांनी २०११ मध्ये हिशोब मांडला की जगातल्या सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे ८७.५ टक्के जातींचं परागीभवन प्राणी करतात. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतीसमूहांत हे प्रमाण सरासरी ९४ टक्के निघालं. दुसरा आकडा २०२१ चा. रॉजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे प्रयोग एकत्र केले आणि अंदाज दिला: परागवाहक नसतील तर सुमारे एक तृतीयांश जातींना बी धरणारच नाही, आणि निम्म्या जातींची प्रजननक्षमता ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटेल.

हे आकडे गरज सांगतात. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. द्राक्षाच्या बागेला कीटकांची फारशी गरज नसते, कारण लागवडीतल्या वाणांची फुलं द्विलिंगी असतात आणि फळधारणा त्यांची तीच होते. उलट कांद्याचं बी घ्यायचं असेल तर डेंगळ्यांवर माश्या यायलाच हव्यात. कांद्याच्या फुलात परागकण आधी बाहेर पडतात आणि त्याच फुलाची कुक्षी नंतर तयार होते. म्हणजे स्वतःचे पराग स्वतःच्या कामाला वेळेवर येत नाहीत. दुसऱ्या फुलाचे कुणीतरी आणून द्यावे लागतात.

इथपर्यंत ठीक. पण कांद्याला माशी लागते यावरून एका पठारावर चाळीस जाती एकत्र का नांदतात हे कळत नाही. बी धरण्यासाठी माशी लागणं ही एका जातीची गोष्ट. अनेक जाती शेजारीशेजारी टिकणं ही समूहाची गोष्ट. सिनॉप्सिसमध्ये बऱ्याचदा पहिल्याचा पुरावा देऊन दुसऱ्याचा दावा केलेला असतो. परीक्षक नेमके तिथेच थांबवतात.

अडचण: कागदावरचं गणित दुर्मिळ फुलाच्या विरुद्ध जातं

एक काल्पनिक उतार घेऊ. १०० फुलं आहेत. ९५ सोनकीची, ५ दुसऱ्या एका दुर्मिळ जातीची. एक माशी येते आणि कुठलाही भेदभाव न करता एका फुलावरून दुसऱ्यावर जाते.

माशी सोनकीवरून उडाली, तर पुढचं फूल सोनकीच असण्याची शक्यता ९९ पैकी ९४. जवळजवळ दरवेळी योग्य पराग योग्य ठिकाणी. माशी दुर्मिळ फुलावरून उडाली, तर पुढचं फूल त्याच जातीचं असण्याची शक्यता ९९ पैकी ४. म्हणजे शंभरातल्या छप्पन्न-साठ नव्हे, जवळपास ९६ खेपांना दुर्मिळ फुलाचे पराग सोनकीच्या कुक्षीवर जाऊन वाया जाणार. वर दुर्मिळ फुलाच्या कुक्षीवर सोनकीचे पराग येऊन बसणार आणि जागा अडवणार.

तुम्ही म्हणाल, मधमाशी तर एका खेपेत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. बरोबर आहे, याला पुष्पनिष्ठा म्हणतात. पण ती निष्ठा कुणावर बसते? बहुतेक वेळा जे फूल भरपूर आहे त्याच्यावर. सातेरी किंवा आग्यामाशीच्या दृष्टीने गवतातली पाच फुलं शोधत फिरणं परवडणारं नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या गणिताप्रमाणे परागवाहक विविधता टिकवत नाहीत, उलट घटवतात. जे जास्त आहे ते आणखी वाढतं, जे कमी आहे ते आणखी कमी होतं. परिसंस्थाशास्त्रात विविधता टिकण्याची अट याच्या बरोबर उलटी आहे: एखादी जात दुर्मिळ झाली की तिच्या प्रत्येक झाडाला थोडा तरी फायदा मिळायला हवा. तसं झालं तरच ती संपता संपता सावरते.

म्हणून खरा प्रश्न असा: दुर्मिळ झाल्यावर फायदा मिळावा, अशी काही व्यवस्था परागीभवनात आहे का?

वाट पहिली: गिऱ्हाईकच वेगळं

इथे खरचुडीकडे परत येऊ. तिचं फूल एकदा जवळून बघा. बघा म्हणजे बघाच, तोडू नका. खाली फुगीर भाग, वर नळी, आणि बहुतेक जातींत पाच पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना जुळलेली, म्हणून कंदिलासारखा आकार. वासाने किंवा रंगाने ओढलेली अगदी बारीक माशी, आपण चिलट म्हणतो तशी, नळीत शिरते. आत खाली वळलेले केस असतात. उतरता येतं, चढता येत नाही. माशी तळाच्या फुगीर खोलीत अडकते.

ती मरत नाही. हे कीटकभक्षी फूल नाही. साधारण एखाद्या दिवसाने ते केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते. तोपर्यंत आत धडपडताना तिच्या सोंडेला परागपुंज चिमट्यासारखे अडकलेले असतात. तीच माशी पुन्हा दुसऱ्या खरचुडीत फसली, की तिथल्या बारीक खाचेत तो पुंज बसतो. काम झालं.

या व्यवस्थेत दोन गोष्टी आहेत. पहिली, सोनकीवर गर्दी करणाऱ्या मधमाश्यांसाठी खरचुडीची स्पर्धाच नाही. तिचं गिऱ्हाईक वेगळं. दुसरी, तिचे पराग धुळीसारखे सुटे नाहीत, पुडीत बांधलेले आहेत. ती पुडी सोनकीच्या कुक्षीवर सांडत नाही. ती बसते फक्त तिच्या मापाच्या खाचेत.

ही पुडी तुम्हाला घराजवळही बघता येईल. रुई याच कुळातली. रुईच्या फुलाच्या मधल्या पंचकोनी भागाच्या कडेला उभ्या फटी दिसतात. बारीक सुईचं टोक एका फटीत घालून हळूच वर ओढा. टोकाला एक काळसर ठिपका आणि त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर येतील. काळा भुंगा रुईवर बसतो तेव्हा त्याच्या पायाला हेच अडकतं. (रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.)

खरचुडीचं बोलावणं किती नेमकं असू शकतं, याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. तिथल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर हाइडुक आणि सहकाऱ्यांचं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. कोळ्याने पकडलेली मधमाशी जो वास सोडते, तसा वास हे फूल सोडतं. अशा जखमी मधमाश्यांचा रस चोरून खाणाऱ्या बारीक माश्या असतात. त्या जेवण समजून येतात आणि फसतात. आपल्याकडच्या प्रत्येक खरचुडीत हेच चालतं असं मात्र लिहू नका. एका जातीत सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या जातीत गृहीत धरणं ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक.

गिऱ्हाईक वेगळं ठेवायचे आणखीही मार्ग आहेत. वेळ वेगळी ठेवता येते. काही फुलं दिवसा उमलतात, काही रात्री पतंगांसाठी. हंगाम वेगळा ठेवता येतो. किंवा माशी तीच, पण पराग तिच्या अंगावर चिकटण्याची जागा वेगळी: एका फुलाचे पाठीवर, दुसऱ्याचे पोटावर. कवल्याच्या फुलावर माशी बसली की खालच्या पाकळ्या तिच्या वजनाने दबतात आणि पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. तेरड्यात पुंकेसर वरून येतात आणि पाठीला घासतात. एकच माशी, पण टपाल दोन वेगळ्या खिशांत.

वाट दुसरी: शेजाऱ्याची मदत, पण सारखी नाही

सगळ्याच दुर्मिळ फुलांना स्वतंत्र गिऱ्हाईक नसतं. मग त्यांचं काय?

सोनकीचा गालिचा नसता, तर त्या उतारावर माश्या आल्याच किती असत्या? पाच फुलांसाठी कुणी डोंगर चढत नाही. शेजारच्या गर्दीमुळे माश्या येतात आणि त्यातल्या काही त्या पाचांवरही बसतात. याला साहाय्य म्हणतात. पाच फुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला आलेली एक जास्तीची भेटही मोठी असते. सोनकीच्या एका फुलाला ती भेट मिळाली काय नि न मिळाली काय, फरक पडत नाही. देवाणघेवाण दोन्हीकडून होते, पण नफातोटा सारखा नसतो.

अर्थात हे तेव्हाच, जेव्हा वर दाखवलेलं परागांचं नुकसान या फायद्यापेक्षा कमी असेल. कधी स्पर्धा जिंकते, कधी साहाय्य. कुठे काय होतं हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजलं कुणी?

इथे एक पेपर आवर्जून वाचा. ना वेई, टिया-लिन ॲशमन आणि सहकाऱ्यांचा, २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. जागा उत्तर कॅलिफोर्नियातली: सर्पेंटाइन खडकावरच्या पाझराच्या ओल्या जागा. उथळ माती, ठरावीक काळच ओल, आणि तेवढ्या दिवसांत एकदम फुलणाऱ्या बऱ्याच बुटक्या जाती. आपल्या कातळपठारांची आठवण व्हावी अशीच परिस्थिती.

त्यांनी कोणती माशी कोणत्या फुलावर जाते एवढंच नोंदवलं नाही. फुलांच्या कुक्षीवर कुठल्या जातीचे पराग येऊन पडले हेही तपासलं. म्हणजे दोन जाळी तयार झाली: भेटींचं आणि परागांच्या वाहतुकीचं. जोडीला फुलांची लक्षणं आणि जातींचं आपसातलं नातं हिशोबात घेतलं.

निष्कर्ष दोन. एक, दुर्मिळ जाती परागवाहकांच्या बाबतीत जास्त निवडक निघाल्या, आणि त्यामुळे पराग मिळवण्यात आणि पोचवण्यात त्यांचं यश मुबलक जातींपेक्षा जास्त होतं. दोन, जिथे परागवाहक सामायिक होते तिथेही पराग-वाहतुकीतून दुर्मिळ जातींना फायदा झाला, आणि त्याची किंमत मुबलक जातींनी मोजली. वर आपण ज्या दोन वाटा पाहिल्या, त्या दोन्ही एकाच समूहात सापडल्या.

मग अंजनेरीला हेच लागू होईल? या पेपरवरून तेवढं म्हणता येत नाही. त्यांनी परागीभवनाच्या टप्प्यापर्यंतचं यश मोजलं. बी रुजून पुढच्या वर्षी झाड उभं राहणं ही त्यापुढची गोष्ट. शिवाय तिथले कीटक वेगळे, पाऊस वेगळा. पण कुठला प्रश्न विचारायचा आणि काय मोजायचं, हे या पेपरने स्पष्ट करून दिलं. संशोधनात अशा पेपरचा उपयोग तोच.

टिकवणं आणि घडवणं

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आहेत त्या जाती शेजारीशेजारी टिकणं वेगळं आणि नवीन जाती तयार होणं वेगळं. परागवाहक दोन्हींत हात घालतात, पण वेगवेगळ्या काळात.

घडवण्याचं छान उदाहरण गेर्वासी आणि शीस्टल यांचं, २०१७ चं. मोहरीच्या जवळची एक वनस्पती घेतली. एका गटाचं परागीभवन फक्त भुंगमाश्यांकडून, दुसऱ्याचं फक्त फूलमाश्यांकडून. हे नऊ पिढ्या चालवलं. पहिल्या गटातली झाडं उंच झाली, त्यांच्या फुलांचा सुगंध वाढला. दुसऱ्या गटातली बुटकी राहिली आणि स्वतःच्याच परागांवर बी धरण्याकडे जास्त झुकली. जमीन तीच, बियाणं तेच. बदलला फक्त पाहुणा.

हे वाचून मोह होतो. सह्याद्रीत खरचुडीच्या कितीतरी जाती आहेत, त्यातल्या काही मोजक्याच डोंगरांवर. मग प्रत्येक जातीची माशी वेगळी आणि माशीनेच जात घडवली, असं म्हणावंसं वाटतं. पण थांबा. एक डोंगर दुसऱ्यापासून तुटलेला आहे, एवढ्यानेही जाती वेगळ्या होऊ शकतात. माशीचा काहीही संबंध नसताना. दोन्ही शक्यता लिहा, आणि कुठलं निरीक्षण त्यांतली एक बाद करेल ते सांगा. जवळच्या दोन जाती एकाच डोंगरावर असतील आणि त्यांच्यात सापडणाऱ्या माश्या वेगळ्या निघाल्या, तर पहिल्या शक्यतेला बळ मिळतं. माश्या त्याच निघाल्या, तर ती कमकुवत होते. गृहीतक म्हणजे हे.

फिल्डवर जाण्याआधी: चार सापळे

पहिला सापळा: भेट म्हणजे परागीभवन नव्हे. माशी फुलावर बसली, तुम्ही वहीत टिक केलं. पण ती मागून भोक पाडून मध चोरत असेल तर? खात्री करायची असेल तर कुक्षी तपासा. कुक्षी फुक्सिन घातलेल्या ग्लिसरीन जेलीवर दाबायची, काचपट्टीवर वितळवायची, मायक्रोस्कोपखाली मोजायची. त्याआधी पठारावरच्या सगळ्या फुलणाऱ्या जातींच्या परागांच्या संदर्भ स्लाइड्स तयार पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पराग कुणाचे हे सांगता येत नाही.

दुसरा सापळा: बी कमी धरलं, म्हणून माश्या कमी. तसं नसू शकतं. पोषण कमी असेल, पाऊस लागला असेल. म्हणून चार गट करा: मोकळी फुलं, बारीक जाळीच्या पिशवीत बांधलेली, पिशवीत ठेवून हाताने स्वतःचे पराग दिलेली, आणि हाताने दुसऱ्या झाडाचे पराग दिलेली. समजा मोकळ्या १०० फुलांत १२ फळं धरली आणि हाताने परपराग दिलेल्या १०० मध्ये ४८. तर परागांची तूट १ वजा १२ भागिले ४८, म्हणजे ०.७५. हाताने दिलेल्या फुलांतही १३-१४ च धरली असती, तर दोष माश्यांचा नव्हता. तेरड्यावर हे करताना लक्षात ठेवा की त्याचं फूल आधी नर अवस्थेत असतं आणि पुंकेसरांची टोपी गळाल्यावर कुक्षी उघडी पडते. अवस्था न बघता पराग लावलेत, तर अख्खा आठवडा वाया.

तिसरा सापळा सगळ्यात फसवा. समजा सोनकीवर तुम्ही ४०० भेटी नोंदवल्या आणि ३० प्रकारचे कीटक सापडले. दुर्मिळ फुलावर ६ भेटी, ४ प्रकारचे कीटक. लगेच निष्कर्ष: दुर्मिळ जात निवडक आहे! पण ६ भेटींत ६ पेक्षा जास्त प्रकार सापडणं शक्यच नव्हतं. म्हणून सोनकीच्या ४०० मधून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ६ भेटी उचला आणि त्यांत किती प्रकार येतात ते बघा. कॉम्प्युटरवर हे हजार वेळा करा. तिथेही साधारण ४-५ च प्रकार येत असतील, तर तुमची दुर्मिळ जात निवडक नाही. ती फक्त कमी बघितली गेली आहे. दुर्मिळतेवर काम करणाऱ्याने हा हिशोब दाखवला नाही, तर व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येणार.

चौथा सापळा नैतिक आहे. जी जात मोजकी आहे, तिच्यावर पिशव्या बांधून, फुलं तोडून प्रयोग केला तर तुमचा डेटा तयार होईल आणि त्या वर्षीचं बी जाईल. राखीव संवर्धन क्षेत्रात वनविभागाची लेखी परवानगी तर हवीच. पण परवानगी असली तरी हात आवरा. पद्धत सोनकी, तेरडा, कवला यांच्यावर बसवा. दुर्मिळ फुलावर कॅमेरा लावा, सुकून गळालेली फुलं गोळा करून आत अडकून राहिलेली माशी आहे का बघा, आणि शेंगा मोजा. आणि झाडाची नेमकी जागा फोटोसोबत सोशल मीडियावर टाकू नका. खरचुडीचे कंद खाल्ले जातात, आणि हौशी लोक झाडं उपटूनही नेतात.

झाड उभं आहे, म्हणजे सगळं ठीक आहे का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. खरचुडीचा कंद जमिनीत जिवंत राहतो. पावसाळा आला की कोंब फुटतो, फूल येतं, पाऊस संपला की वरचा भाग सुकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणजे तिला पराग पोचवणाऱ्या बारीक माश्या त्या उतारावरून आज नाहीशा झाल्या, तरी झाडं वर्षानुवर्षं दिसत राहतील. दरवर्षी जाऊन झाडं मोजणारा लिहील, संख्या स्थिर आहे. प्रत्यक्षात एकही नवीन रोप आलेलं नसेल. म्हातारी माणसं उरलेल्या गावाची खानेसुमारी करावी, तसं.

काही वर्षांपूर्वी अंजनेरीवर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. गिधाडं आणि ही खरचुडी यांची नावं त्या वेळी वारंवार घेतली गेली. तो विरोध योग्यच होता. पण आपण संशोधक म्हणून त्यात एक गोष्ट जोडू शकतो. झाडाभोवती कुंपण घालून झाड वाचतं, त्याचं परागीभवन वाचेलच असं नाही. बारीक माश्यांना वाढायला ओला पाचोळा, शेण, कुजकं काहीतरी लागतं, आणि ते कदाचित कुंपणाच्या बाहेर असेल. सोनकीचा शेजार काही जातींना मदत करत असेल, तर फक्त दुर्मिळ फुलाचा तुकडा राखून शेजार मोडणंही चालणार नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात गडावर जाल आणि एखादी दुर्मिळ जात सापडल्याचा आनंद होईल, तेव्हा वहीत तीन रकाने जास्तीचे आखा. या फुलावर कोण आलं? कुक्षीवर कुणाचे पराग आहेत? आणि आसपास याच जातीचं, पहिल्याच वर्षाचं एखादं कोवळं रोप आहे का?

तिसऱ्या रकान्यात सलग काही वर्षं शून्य येत असेल, तर संख्या कितीही स्थिर दिसो, त्या शून्यावर सिनॉप्सिस लिहा.